आवाज बसला आहे

पित्ताशयात खडे निघाले आणि डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीने काढून टाकू." घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग त्यासाठी पुण्याला कशाला जायचं? दुर्बीण तर आपल्या गावातच हाय."

प्रश्न बिनतोड होता. आमच्या खोडदच्या माणसाला दुर्बीण म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. शिवारात उभी असलेली, बारीक तारांच्या जाळीची, 45 मीटर व्यासाची, आभाळाकडे तोंड करून बसलेली परात. या रेडिओ दुर्बिणीच्या अशा पराती एकूण 30. त्यातल्या 14 आमच्या शेजारी चौरस किलोमीटरभर जागेत, आणि उरलेल्या 16 इंग्रजी वायच्या तीन फाट्यांवर लांब लांब पांगलेल्या. सगळा पसारा 25 किलोमीटरांचा. आत्याने मनात चित्र रंगवलं असणार ते असं, की भाच्याला त्या परातीत उताणा निजवतील, परात हळूहळू सूर्याकडे फिरवतील, आणि जिथे कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचं गवसतं तिथे पोटातला खडा गवसायला असा कितीसा वेळ!

ही दुर्बीण वेगळी, हे तिला समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला. पोटाला तीन-चार छोटी भोकं पाडायची, आत वायू भरून पोट तंबूसारखं फुगवायचं, एका भोकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून चिमटे घालायचे. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा असं पित्ताशय काढलं. आता तालुक्याच्या गावीही ते निघतं. मी हे सगळं फळ्यावर आकृती काढावी तसं सांगितलं. आत्या म्हणाली, "बरं." म्हणजे पटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ येऊन गेले. तरुण मुलगा, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यांनी मला आ करायला लावलं, मान मागे करायला लावली, हलणारा दात आहे का विचारलं. बाजारात बैल घेताना बघतात तेवढं सगळं बघून झालं. मग म्हणाले, "श्वासासाठी घशातून नळी घालावी लागेल. दोन-चार दिवस घसा दुखेल, आवाज थोडा बसेल." मी मान हलवली. माझं सगळं लक्ष पोटाकडे होतं. घसा हा माझ्या लेखी काळजी करण्याचा अवयवच नव्हता. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन-दोन वर्ग एका खोलीत सांभाळलेला घसा तो.

शुद्धीवर आलो तेव्हा हिने एक छोटी बाटली डोळ्यांपुढे धरली. आत माझे खडे. मी विचारलं, "किती आहेत?" ही म्हणाली, "काय?" मी पुन्हा विचारलं. ही नर्सबाईंना म्हणाली, "काही तरी मागतायत, पण हवाच येतेय नुसती."

*

मराठीत आवाज किती गोष्टी करतो! तो चढतो, फुटतो, लागतो, दबतो, घुमतो. आणि बसतो. बसला की मात्र उठत नाही. 'आवाज उठला' असं आपण म्हणत नाही. आवाज उठवतात ते पुढारी. आपल्यासारख्यांचा नुसता बसतो, आणि कधी कधी लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा बसतो. दोन दिवसांचं सांगून येतो, पंधरवडा झाला तरी पिशवी खुंटीलाच.

दोन-चार दिवस म्हणता म्हणता दोन आठवडे झाले. पोटावरची भोकं भरून आली, भाकरी जायला लागली, फक्त आवाज नाही. जो निघायचा तो कोरड्या रहाटाचा. सकाळी थोडा बरा, दुपारनंतर पार गुळगुळीत हवा.

आता माझा आवाज म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. स्वतःच सांगतोय, पण गावात कुणालाही विचारा. ओढ्यापलीकडे ढोरं चारणाऱ्या पोराला मी शाळेच्या पायरीवरून हाळी द्यायचो आणि तो दप्तर घेऊन यायचा. देवळाच्या लाऊडस्पीकरवर पाणी कधी सुटणार, रेशनची साखर कधी येणार, कुणाची शेळी हरवली, हे सगळं सांगायचं काम माझ्याकडे. आणि चैत्रात जत्रा आली की कुस्त्यांच्या आखाड्याचा माइक माझा. "खाली बसून घ्या, मागच्यांना दिसू द्या" हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा म्हटलं असेल तेवढ्या वेळा रामाचं नाव घेतलं असतं तर आज विमान न्यायला आलं असतं. लाऊडस्पीकर बिघडला तरी आखाडा थांबायचा नाही, असं लोक म्हणत. त्यात माझं कौतुक किती आणि लाऊडस्पीकरवाल्याला टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही.

असा आवाज गेला, आणि गावाने पहिला आठवडा निव्वळ शांततेत काढला. पाणी सुटलं ते कुणाला कळलंच नाही.

*

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायला मी टाळाटाळ केली, त्याला कारण उपचारांचा सुकाळ. आमच्याकडे माणूस आजारी पडला की गावातला प्रत्येक जण वैद्य होतो. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर-लवंग झाली, हळदीचं दूध झालं, बेहड्याची साल गालात धरून झाली. नारायणगाव आमच्यापासून दहाएक किलोमीटर. तमाशाची पंढरी ती. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात, आणि गावोगावचे लोक येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देऊन जातात. तिथून एक जुने ढोलकीवाले समाचाराला आले. रात्र रात्र गाणाऱ्या गळ्यांची निगा कशी राखतात याचं त्यांनी तासभर वर्णन केलं आणि जाताना म्हणाले, "गुरुजी, आमच्या विठाबाई खेळ चालू असताना राहुटीत बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. तुम्ही येवढ्याशा नळीनं गार झालात?"

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांपुढे मी काय बोलणार? बोलता येत असतं तरी गप्पच बसलो असतो.

पुण्याचा भाचा आणखी वरच्या पट्टीत गेला. कुमार गंधर्वांना क्षय झाला, एक फुफ्फुस गेल्यातच जमा होतं, वर्षानुवर्षं गाणं बंद होतं, आणि त्यातून उठून ते नवंच गाणं गायला लागले, असं त्याने सांगितलं. "मामा, मर्यादेतूनच नवी शैली जन्माला येते." मी पाटीवर लिहिलं : मी जोड पुकारतो. कुस्त्यांचा.

पाटीचं सांगायचं राहिलं. बोलायचं नाही असं ठरल्यावर ही माळ्यावरून जुनी दगडी पाटी काढून पुसून घेऊन आली. मला बरं वाटलं. जन्मभर फळ्यावर लिहिलेला माणूस. पण फळ्यावर लिहिताना पोरांकडे पाठ असते आणि सवड असते. इथे चहा उतू जातोय आणि 'गॅस बंद कर' हे लिहायचंय. घाईत माझे ऱ्हस्व-दीर्घ गडबडले. हिने पेन्सिल हातातून घेतली आणि 'पीठी संपली' मधल्या 'पी'खाली रेघ मारली. बाजूला लिहिलं : 'ऱ्हस्व'. लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि ती माझ्या तोंडी बोलण्यात एवढी चूक कधी पकडू शकली नव्हती. त्या महिन्यात घरातल्या सगळ्या भांडणांत मी हरलो. भांडण ज्या वेगाने होतं त्या वेगाने पाटी पुसता येत नाही.

फोनचं तर विचारूच नका. एका जुन्या विद्यार्थ्याला कांद्याच्या बियाण्याचे पैसे द्यायचे होते, म्हणून खाते क्रमांक विचारायला फोन केला. रहाटाच्या आवाजात म्हटलं, "मी गुरुजी बोलतोय." पलीकडे क्षणभर शांतता. मग : "गुरुजींचा आवाज मला माहीत नाय होय रे? ओटीपी पायजे का तुला? ये समोर, देतो ओटीपी." पुढचे शब्द मी त्याला शिकवलेले नव्हते. संध्याकाळी तो स्वतःच घरी आला, "गुरुजी, तुमच्या नावानं कोण तरी पैशे उकळतंय, जपून राहा," असं सांगायला. मी पाटी पुढे केली. बिचारा वाचून लाल झाला, पण मला आतून बरं वाटलं. चौथीत याला मी सांगितलं होतं, की अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि बिबट्या. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला आवाज ही चैन नाही, हत्यार आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला असली की पाणी धरायला रात्रीच जावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना ऊस. वनखात्याची माणसं येऊन सांगून जातात : एकटं जाऊ नका, जायचं तर मोठ्याने बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा, आपण येतोय हे त्याला आधी कळू द्या. मी मोबाइलवर विसंबणारा नव्हतो. बांधावरून पाढे म्हणत जायचो. एकोणतीसचा पाढा म्हणत गेलं तर बिबट्या काय, मुख्याध्यापकही पुढे येत नाहीत, असा माझा अनुभव होता. आता पाढे कुठून म्हणणार? हिने काठीला घुंगरं बांधून दिली. मी रात्री छुमछुम करत पाण्याच्या पाळीवर. शेजारच्या मळ्यातून एकदा आवाज आला, "कोन रं, पोळा कवाचा झाला ना?"

*

तिसऱ्या आठवड्यात गेलो एकदाचा पुण्याला. नाकातून एक बारीक, लवचीक नळी (पुन्हा नळी, आणि पुन्हा दुर्बीण!) आत सरकवून डॉक्टरीणबाईंनी मला माझाच घसा पडद्यावर दाखवला.

साठी ओलांडल्यावर माणसाला स्वतःचं असं काही नवीन दिसत नाही. हे दिसलं. ओलसर गुलाबी विहीर, तिच्या तळाशी दोन पांढरट पट्ट्या, पुढे जुळलेल्या आणि मागे फाकलेल्या, इंग्रजी व्हीसारख्या. दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा ऐवज. बाई म्हणाल्या, "ई म्हणा." पट्ट्या मिटल्या आणि थरथरल्या. पुरुष साधं बोलतो तेव्हा त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींवर आपटतात. टाळीच म्हणा ना. माझ्यातला मास्तर लगेच हिशेबाला बसला. दिवसाला 3 तास बोललो, वर्षाला शाळेचे 200 दिवस, नोकरी 36 वर्षं, सेकंदाला 110 टाळ्या : 855 कोटी 36 लाख. हे फक्त शाळेतलं. जत्रा आणि रेशनची साखर वेगळी. एवढ्या टाळ्या घशात वाजल्या आणि निरोप समारंभाला मात्र नारळ-शालीवर भागवलं.

बाईंनी मग पट्ट्यांच्या मागच्या टोकाशी बोट दाखवलं. डाव्या बाजूला एक बारीक, मसुराएवढी मांसल गाठ. त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं, आणि त्या सांगत होत्या तसं माझं मन भूल देणाऱ्या त्या पोराच्या बाबतीत स्वच्छ होत गेलं. पोट वायूने फुगवलं की फुफ्फुसांवर दाब येतो, त्यात माणूस पूर्ण बेशुद्ध, श्वास यंत्राच्या स्वाधीन. मग हवा जायची वाट पक्की हवी. म्हणून बोटाएवढी जाड मऊ नळी या दोन पट्ट्यांच्या फटीतून खाली श्वासनलिकेत उतरवतात. टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूने निसटत नाही आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात उतरत नाही. नळी आठ मिलिमीटरची असो की सातची, ती बसते याच उंबऱ्यावर. उंबरा थोडा सुजतो, आवाज घोगरा होतो, बहुतेकांचा काही दिवसांत सुटतो. क्वचित कुणाला मागच्या कूर्चेवर नळी घासून जखम होते आणि ती भरता भरता अशी गाठ धरते. त्याहून क्वचित तिथला इवलासा सांधा निखळतो, किंवा पट्टी हलवणारी नस दुखावते आणि पट्टी लुळी पडते. "म्हणून दोन-तीन आठवड्यांत आवाज आला नाही तर दाखवायचं. हळद पीत बसायचं नाही," असं त्या म्हणाल्या. हिने माझ्याकडे बघितलं. हळद तिचीच होती.

मी पाटीवर विचारलं, हा उद्योग पहिल्यांदा कुणी केला? बाईंना मास्तर भेटल्याचा आनंद झाला असावा. 1878 साली ग्लासगोच्या विल्यम मॅकीवेन नावाच्या सर्जनने जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या एका कामगाराच्या तोंडातून अशी नळी उतरवून त्याला भूल दिली होती. पण मला जास्त आवडला तो त्यांनी सांगितलेला दुसरा माणूस. जिवंत माणसाचा घसा बोलताना कसा दिसतो हे कुणी नीट बघितलेलं नव्हतं. 1854 साली ते बघितलं मान्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश माणसाने, आणि तो डॉक्टर नव्हता. गाणं शिकवणारा मास्तर होता! पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा दांडीवाला छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने सूर्याचं ऊन त्यावर पाडलं, आणि स्वतःच्याच पट्ट्या उघडता-मिटताना बघितल्या. पुढे तो 101 वर्षं जगला. म्हणजे घशाचं शास्त्र मास्तरांनीच सुरू केलं. घरी येताना एसटीत मी हे हिला पाटीवर दोनदा लिहून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने 'शास्त्र' बरोबर असल्याची खूण केली.

उपचार म्हणजे आम्लपित्ताच्या गोळ्या, कारण वर येणारं आम्ल त्या गाठीला बरं होऊ देत नाही. रात्री लवकर आणि कमी जेवायचं. खाकरायचं नाही. ओरडायचं नाही. आणि सगळ्यात अवघड, कुजबुजायचंही नाही. कुजबुजताना पट्ट्या ताणल्या जातात म्हणे. आता खेड्यात माणसाने कुजबुजायचंही नाही तर पारावर जाऊन बसायचं कशाला?

आणि व्यायाम. पेल्यात चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ बुडवायची, आणि 'ऊऊ' करत बुडबुडे काढायचे. सकाळ-संध्याकाळ, पाच-पाच मिनिटं. नळी फुंकली आणि वारं इकडून तिकडे गेलं, अशी त्या सोनाराची म्हण आहे ना, तिचा अर्थ मला एकसष्टाव्या वर्षी कळला. एका नळीने गेलं ते दुसऱ्या नळीने आणायचं होतं. नातीला हा व्यायाम इतका आवडला की तिने आपला पेला आणून शेजारी मांडला. दोघं ओट्यावर बसून बुडबुडे काढायचो. तिचे जास्त मोठे यायचे. दारावरून जाणारे थबकायचे, एकाने हिला हळूच विचारलं, "वहिनी, गुरुजी बरे हायेत ना?"

*

फेब्रुवारीपर्यंत आवाज आला, पण जो गेला होता तो नाही. हा खालचा, खर्जातला, कडेला थोडा उसवलेला. बोलण्यापुरता चांगला. बाई म्हणाल्या, गाठ विरघळतेय. हाळी मात्र अजून वर्षभर विसरा.

28 फेब्रुवारीला दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. शाळाशाळांच्या पोरांच्या रांगा लागतात. मीही गेलो, सवयीने. फाटकापाशी मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आमच्या खिशातल्या बारक्या यंत्राचा गोंगाट त्या परातींना कानाशी ढोल वाजवल्यासारखा असतो. ही दुर्बीण उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली तीच मुळी शांततेसाठी. शहराचा रेडिओ-गोंगाट लांब, आणि भोवती डोंगरांची भिंत. गावात चौदा कान बसवलेले, आणि मी गावातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या शेजारी कसे नांदलो कोण जाणे. पूर्वी एकदा तिथल्या इंजिनिअरसाहेबांना मी हे बोलून दाखवलं होतं. ते हसून म्हणाले होते, "गुरुजी, आवाजाला हवा लागते, अवकाशात हवा नाही. आम्ही पकडतो त्या रेडिओ लहरी. तुम्ही कितीही ओरडा, आमचं काही बिघडत नाही." शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, पण माझा थोडा अपमान झालाच.

परातींपुढे उभा राहिलो आणि 2016चा ऑक्टोबर आठवला. युरोपियन अवकाश संस्थेचं स्कियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा अगदी क्षीण संदेश इथे, खोडदला, थेट पकडला जात होता. 19 तारखेच्या रात्री तो नीट येत होता, आणि उतरायला जेमतेम मिनिटभर उरलं असताना बंद पडला. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी पोरांना हे सांगितलं. सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. मागच्या रांगेतून चौथीतलं एक कार्टं उठलं आणि म्हणालं, "गुरुजी, ते मेलं का त्याचा घसा बसला?"

वर्ग फुटला. मी त्याला मधल्या सुट्टीपर्यंत उभं केलं. (यान आपटलंच होतं, हे पुढे फोटोंवरून कळलं. पण प्रश्न वाईट नव्हता, हे मला आठ वर्षांनी पटलं.) मधल्या सुट्टीत मी खिडकीतून बघितलं तर हेच कार्टं पायरीवर उभं राहून, हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून, माझ्या आवाजात माझं सगळं भाषण पुन्हा देत होतं. 'ते मेलं का' सकट. मी आत सरकलो. नक्कल इतकी बिनचूक होती, की रागवायचं म्हटलं तर कुणी कुणाला रागवायचं हा प्रश्न पडला असता.

*

चैत्रात जत्रा आली. पंच घरी आले. मी खर्जात नाही म्हणालो. ते जरा वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले, मग म्हणाले, "बघू कोण तरी."

आखाड्याच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. काठी हातात होती, घुंगरांसकट. सोडायची राहून गेली होती. हलगी घुमत होती, माती पाणी मारून तयार, कडेने माणसांचं रिंगण. मी मागे, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर टेकलो. तेवढ्यात लाऊडस्पीकरमधून मी बोलायला लागलो.

दुसरा शब्द नाही. मीच. "मंडळी, खाली बसून घ्या, मागच्यांना दिसू द्या." तीच चढी पट्टी. 'मंडळी'नंतरचा तोच थांबा, जो मी श्वास घ्यायला घेत असे आणि लोकांना वाटे वजन देण्यासाठी. इनामाचा आकडा सांगण्याआधीचं खाकरणंही तेच, डॉक्टरीणबाईंनी ज्याला सक्त मनाई केली होती ते. मी मान उंच करून बघितलं. माइक धरून तेच कार्टं उभं. आता अठरा वर्षांचं, मिशी फुटलेलं; नारायणगावला कॉलेज करतं आणि पहाटे बापाची टोमॅटोची पिकअप बाजार समितीत लावून येतं. हात पाठीमागे बांधलेला, पोट पुढे. पोट नव्हतंच त्याला, आणलं होतं.

आपलाच आवाज असा बाहेरून ऐकायला मिळाला की आधी त्यातल्या खोडी दिसतात. मी 'चितपट' म्हणताना 'प'वर नाहक जोर देतो. पैलवानाच्या गावाचं नाव विसरलं की 'सुप्रसिद्ध' म्हणून वेळ काढतो. छत्तीस वर्षं हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि याने एवढं जपून ठेवलं होतं. दोन कुस्त्यांनंतर मात्र मी खोडी मोजायचं विसरलो आणि कुस्त्या बघायला लागलो. माइक धरलेल्या माणसाला कुस्ती धड कधी दिसत नाही. त्याचं लक्ष यादीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी एक पुरी ढाक बघितली.

शेजारी परगावचे एक म्हातारबाबा येऊन टेकले. तंबाखू मळत, लाऊडस्पीकरकडे हनुवटी करून मला म्हणाले, "काय बी म्हना, तुमच्या गावच्या मास्तरचा आवाज अजून खनखनीत हाय."

मी म्हटलं, "हाय." त्यांना ऐकू गेलं नसावं.

दिवस मावळायला घरी आलो. आत्या ओट्यावर बसली होती. तिला आताशा दिसत फारसं नाही, पण कान शाबूत आहेत, आणि देवळाचा भोंगा नेमका आमच्या घराकडे तोंड करून आहे. घुंगरांचा आवाज ऐकून तिने ओळखलं.

"आलास? दुपारधरनं ऐकतीय मी. किती वराडायचं ते? त्या बाईनं नको म्हून सांगितलंय ना तुला?"

मी सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा.

"बोलू नको आता," आत्या म्हणाली. "चुलीवर पानी ठेवलंय, मीठ घाल आन् गुळण्या कर."

मी काठी कोपऱ्यात लावली आणि गुळण्या करायला गेलो.